शेजारच्या पेटीतलं बाळ

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. कारखान्याचा भोंगा सकाळी नेहमीपेक्षा जवळून ऐकू येऊ लागला, उसाच्या ट्रॅक्टरांनी राहात्याचा रस्ता अडवायला सुरुवात केली आणि वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास थेट स्वयंपाकघरात शिरू लागला. आमच्या आळीतल्या बायकांना या दिवसांत हुरड्याची आठवण होते, बाजरीच्या गरम भाकरीची होते. ट्रंकेतले स्वेटर उन्हात पडतात, गच्चीवर पोरं पतंग घेऊन चढतात. मी मात्र माझ्या लेकीच्या खोकल्याकडे कान लावून असते. सायली पहिल्यांदा खोकली की हातातलं काम टाकून मी तिच्या पाठीवर हात ठेवते. ती आता दुसरीत आहे. "मम्मी, गार हात नको ना लावूस," म्हणते आणि पळून जाते.

तिला काही झालेलं नसतं. घरात सगळ्यांनाच होतो तसा खोकला. पण माझ्या अंगात एक जुनी थंडी मुरलेली आहे आणि दर वर्षी याच सुमाराला ती वर येते.

त्या वर्षी मला आठवा लागतो न लागतो तोच कळा सुरू झाल्या. राहात्याच्या डॉक्टरांनी संगमनेरला न्यायला सांगितलं. गाडीच्या खिडकीतून तोडलेल्या उसाची रिकामी रानं दिसत होती आणि पाचट जाळल्याचा धूर जमिनीलगत पसरला होता, एवढंच मला त्या प्रवासातलं आठवतं. सायली जन्मली तेव्हा रडली नाही. तिला मला दाखवलंसुद्धा नाही, सरळ काचेच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला धरत धरत तिच्यापाशी गेले. माझ्या ओंजळीत मावेल एवढा जीव होता. कातडी इतकी पातळ, की आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. नाकात नळी, पायाला तारा आणि वर एक मॉनिटर. त्यावरची हिरवी रेघ म्हणजे माझी लेक जिवंत आहे.

आयांसाठी एक लांबट खोली होती. जमिनीवर गाद्या, खिडकीत वाळत घातलेली फडकी, कोपऱ्यात गरम पाण्याचे थर्मास. दर थोड्या वेळानं सिस्टर हाक मारायची आणि आम्ही वाटीत दूध काढून द्यायचो. कुणाचं भरपूर निघायचं, कुणाचं तळ झाकण्यापुरतं. त्या खोलीत सगळ्या बायका एकमेकींच्या वाट्यांकडे चोरून बघायच्या.

आमच्या चर्चच्या मंडळीतून पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, आणखी दोघींना घेऊन भेटायला आल्या. येताना त्यांनी शिरा आणला होता. गोड स्वभावाची बाई. माझ्या लग्नात हळदीची गाणी त्यांनीच म्हटली होती. माझा हात हातात घेऊन त्यांनी प्रार्थना केली आणि डोळे उघडल्यावर म्हणाल्या, "मार्था, आता शंकेला थारा द्यायचा नाही. मागतेस ते मिळालंच आहे, असं मानून मागायचं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरतो गं. पण शंका आली की संपलं."

त्यांना मला धीर द्यायचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या कानात शेवटचाच शब्द राहिला. काय संपलं?

हे शिक्षण मला नवीन नव्हतं. संडे स्कूलमध्ये भिंतीवर मोहरीच्या झाडाचं रंगीत चित्र होतं आणि बाई सांगायच्या, एवढासा विश्वास असला तरी डोंगराला सरक म्हटलं की डोंगर सरकतो. आठ-नऊ वर्षांची असताना मी चर्चमागच्या टेकडीला डोळे मिटून सरक म्हणूनही बघितलं होतं. टेकडी जागची हलली नाही. मी ठरवलं, आपलंच कुठेतरी कमी पडलं असणार, आणि खेळायला निघून गेले. लहानपणी असं निघून जाता येतं. संगमनेरच्या त्या खोलीतून मला कुठे जाता येणार होतं?

मी प्रार्थनेला बसायचे. "प्रभू, माझ्या लेकीला वाचव," एवढं म्हणायचे आणि लगेच मागून एक बारीक आवाज यायचा, "आणि नाही वाचवलं तर?" झालं, शंका आली. मग पुन्हा पहिल्यापासून. आता मन घट्ट करून, दात आवळून. तरी तो आवाज यायचाच. हळूहळू असं झालं की मॉनिटर टीं-टीं करून ओरडला की मला वाटायचं, मघाशी माझ्या मनात आलं ते यानं पकडलं. सिस्टर येऊन बोटाला लावलेली तार नीट करायची, मॉनिटर गप्प व्हायचा. तार सुटली होती, एवढंच असायचं. पण मी मात्र घामाघूम. लेकीचा श्वास माझ्या विश्वासाच्या दोरीला टांगलेला आहे आणि ती दोरी मीच कुरतडते आहे, असं मला खरोखर वाटत होतं. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर तीही शंकाच.

शेवटी मी प्रार्थना करणंच थांबवलं. रागानं नव्हे, भीतीनं. न मागितलं तर निदान चुकीचं तरी मागितलं जाणार नाही.

माझ्या शेजारच्या गादीवर संगीता होती. मिरजगावकडची, शेतकरी घरातली. तिचा नवरा दत्ता हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, म्हणून दोघं कारखान्याजवळ खोली घेऊन राहिले होते. तिचंही अपुऱ्या दिवसांचं. मुलगा. त्याची पेटी सायलीच्या पेटीला अगदी लागून. संगीतानं उशाला कागदाच्या पुडीत भैरोबाचा अंगारा ठेवला होता आणि सिस्टरचा डोळा चुकवून तो बाळाच्या पेटीला बाहेरून लावायची. "आत न्हाई लावत वो, बाहीरनंच," असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. जणू मी तक्रारच करणार होते.

पाळकबाई येऊन गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली. "ताई, तुमी देवाला काय म्हन्ता ते मला सांगा की. त्या बाई लई ग्वाड बोलत हुत्या."

"तुझा देव आहे की तुझ्याजवळ," मी म्हणाले.

"आसू द्या. तुमच्याला बी सांगते. लेकराचं काम हाय. कोन आइकतो कुनाला ठावं?"

मी तिला सांगितलं की आम्ही देवाला बाप म्हणतो, त्याच्याशी बोलतो, मागतो आणि शेवटी आमेन म्हणतो. "बाप म्हनायचं?" तिला नवल वाटलं. मग ते तिला आवडलं. त्या दिवसापासून ती भिंतीला पाठ लावून, पदर डोक्यावर घेऊन बसायची आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. "बापा, ताईंच्या पोरीला आन माझ्या पोराला जपा. दोघं बी बारकी हायती. थंडी लई हाय. आमेन." आधी माझी मुलगी, मग तिचा मुलगा. रोज त्याच क्रमानं. तिच्या चेहऱ्यावर शंका नावाला नव्हती. सांगितलंय ना, मग तो बघेल, असा चेहरा. दूध देऊन आली की स्वस्थ झोपायची. मी तिच्याकडे बघत राहायचे. पाळकबाई ज्याला विश्वास म्हणत होत्या तो माझ्याहून हात-दोन हात अंतरावर, अंगाऱ्याच्या पुडीवर डोकं ठेवून घोरत होता.

एका सकाळी डॉक्टरांनी दत्ताला बाजूला बोलावलं. बाळाला इन्फेक्शन झालं होतं. दोन दिवस त्याच्या पेटीभोवती माणसं येत-जात राहिली आणि तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्याच्या मॉनिटरवरची रेघ थांबली. मी तेव्हा सायलीच्या पेटीपाशीच उभी होते. मध्ये एक हाताचं अंतर. माझ्या मुलीची रेघ चालत होती.

संगीता रडली नाही. तिला खोलीत आणून बसवलं. दत्ता खाली कागदांवर सह्या करायला गेला. ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात, शाळेतलं पोर बाईंना विचारतं तसं विचारलं, "ताई, माझा येखादा शब्द चुकला का?"

त्यानंतर मी कितीतरी प्रवचनं ऐकली, या वाक्याएवढं माझ्यात काहीच खोल गेलेलं नाही. "नाही गं, काही चुकलं नाही तुझं," मी म्हणाले. तिला कुशीत घ्यायला हवं हे उशिरानं सुचलं. तोवर दत्ता तिला न्यायला आला होता. दारात ती थांबली. म्हणाली, "तुमच्या पोरीचं बापाला सांगनं मी चालू ठिवते. ती चालाया लागंस्तवर." आणि गेली.

सायली वाचली. हळूहळू नळी निघाली, मग तारा निघाल्या. सिस्टरनं तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल गुंडाळली. तो आनंद मी नाकारणार नाही. मांजराच्या पिलासारखी ऊब होती ती. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचत राहायचं. घरी आल्यावर सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले. प्रत्येक दारात त्यांचं एकच, "प्रार्थनेला यश आलं. मुलीचं नाव प्रार्थनाच ठेवायचं." आणि एकदा माझ्यादेखत शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या पेटीतलं गेलं बघा. ते लोक अंगारा धरून बसलेले."

मी हातातला पेढा खाली ठेवला. नाव मात्र प्रार्थना ठेवू दिलं नाही. येता-जाता मुलीला हाक मारायची आणि प्रत्येक हाकेत संगीताला सांगायचं की माझी ऐकली गेली, तुझी नाही? ते मला जमणार नव्हतं. सायली ठेवलं. फुलाचं नाव. त्याच्यावरून कुणी वाद घालत नाही.

पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेबांचा निरोप आला. रविवारच्या उपासनेत उपकारस्तुती आहे, मार्थानं साक्ष द्यावी. आमच्याकडे हा रिवाज आहे. देवानं काही चांगलं केलं की सगळ्या मंडळीपुढे उभं राहून ते सांगायचं. मला झोप लागेना. उभी राहून काय सांगू? माझा विश्वास मोठा होता, म्हणून? तो नव्हता. देवानं प्रार्थना ऐकली, म्हणून? कुणाची? मी तर करतच नव्हते. करणारी रिकाम्या हातानं मिरजगावला गेली होती. आणि नाही सांगितलं तर? उपकार विसरणाऱ्याकडून दिलेलं काढून घेतलं तर? सायली शिंकली तरी मी दचकायचे. देवाची भीती वाटणं आणि देवाचं भय धरणं यांत फरक असतो म्हणतात. मला त्या आठवड्यात तो सापडला नाही.

शनिवारी पाळकसाहेब घरी आले. थकलेले, बुटके, स्वेटरवर स्वेटर घातलेले गृहस्थ. सासूबाई चहा करायला आत गेल्या तशी मी त्यांना विचारलं, "साहेब, संगीताचं बाळ का गेलं?"

"देवाची इच्छा, मार्था."

"मग माझी वाचली तीही त्याची इच्छाच. मग मागायचं कशाला?"

ते कपाळ चोळत राहिले. म्हणाले, "वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनंही मागितलं होतं. हे मरण, हा प्याला टळू दे म्हणून. टळला नाही. त्याचा विश्वास तर कमी नव्हता ना?"

"हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे का?" माझा आवाज चढला असावा, कारण आतली भांडी थांबली. "मला जास्तच भीती वाटते, साहेब. देवानं स्वतःच्या लेकाचं ऐकलं नाही, मग आपण कोण?"

पाळकसाहेबांनी वरच्या स्वेटरची बटणं उघडून पुन्हा लावली. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही. इतकी वर्षं लहान लहान पेट्या मातीत ठेवल्यात मी. प्रत्येक वेळी काहीतरी बोलतो. ठाऊक मात्र नाही." चहा आला तेव्हा त्यांनी विषय बदलला. जाताना चपला घालता घालता मला एवढंच म्हणाले, "उद्या उभी राहा. फक्त खोटं बोलू नकोस."

मी उभी राहिले. सायली शालीत गुंडाळलेली, सासूबाईंच्या मांडीवर. समोर सगळे ओळखीचे चेहरे, खिडकीतून आडवं पडलेलं ऊन. मी म्हणाले, "माझा विश्वास मोठा नव्हता. मला फक्त भीती वाटत होती. प्रार्थना मी सोडून दिली होती. माझ्या मुलीसाठी रोज एक बाई प्रार्थना करत होती. ती आपल्यातली नाही. स्वतःच्या मुलाच्या आधी ती माझ्या मुलीचं नाव घ्यायची. तिचा मुलगा गेला. मुलगी जगली म्हणून मी देवाचे उपकार मानते. तिचा का गेला हे मला कळत नाही, आणि ते कळल्यासारखं मला बोलता येणार नाही." आणि मी बसले.

नेहमी साक्षीनंतर मंडळी मोठ्यानं हालेलुया म्हणते. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. कुणीतरी खाकरलं. पाळकबाई खाली बघत होत्या. मग पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि बाजाची पेटी वाजू लागली.

घरी येईपर्यंत सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, तरी नाही. संध्याकाळी आमच्या घरी सगळे मिळून प्रार्थना करतात आणि ती सासूबाई चालवतात. आजारी, परगावी गेलेले, परीक्षेला बसलेले, सगळ्यांची नावं त्या घेतात. त्या दिवशी नावं घेता घेता त्या थांबल्या. डोळे मिटलेले ठेवूनच मला विचारलं, "त्या पोरीचं नाव काय म्हणालीस?"

"संगीता."

"आणि संगीताला," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तेव्हापासून एक दिवस त्यांनी हे नाव गाळलेलं नाही. अंगाऱ्याबद्दल पुन्हा कधी काही बोलल्याही नाहीत. त्यांनी काय विचार केला, केला की नाही, मी विचारलेलं नाही.

मी पुन्हा प्रार्थना करू लागले ती कधी, ते सांगता येत नाही. आजही मागताना माझी जीभ अडखळते. मिळालंच आहे असं मानून मागणं मला जमत नाही. शंका येते, तिला मी आता हाकलून देत नाही. ती शेजारी बसते, मी बोलत राहते. हा विश्वास आहे की सवय, कुणास ठाऊक. परवा पाळकबाईंनी महिला मंडळात तोच मोहरीचा दाखला घेतला. माझ्याकडे नजर गेली तेव्हा जरा अडल्या आणि म्हणाल्या, "हे सोपं नाही, बायांनो." पूर्वी त्या असं म्हणत नसत.

संगीताचा नंबर माझ्याकडे होता, पण तो फिरवण्याचं धाडस झालं नाही. काय बोलणार होते? माझी रांगायला लागली? या हंगामात माझ्या नवऱ्याला, अविनाशला, कारखान्याच्या रस्त्यावर दत्ता भेटला. अजून ट्रॅक्टरच चालवतो. म्हणाला, "या की एकदा घरी. ती इचारती कधीमधी." गेल्या रविवारी कर्जतला एका लग्नाला गेलो होतो, परतताना गाडी मिरजगावकडे वळवली. वस्ती जवळ येऊ लागली तसं माझ्या लक्षात आलं. सायलीला सोबत आणायलाच नको होतं. त्या घरापुढे ही हसती-खेळती मुलगी उतरवणं म्हणजे काय, याचा मी विचार कसा केला नाही? अविनाशला म्हणाले, "तू हिला घेऊन गाडीतच थांब."

संगीता ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. जाडी झालीय थोडी. मला बघून उठली, हात पदराला पुसले. तिची तीन-चार वर्षांची मुलगी तिच्यामागे लपली. आम्ही बसलो. पाऊसपाणी झालं, सासू-सासऱ्यांची चौकशी झाली. मग ती आपणहून म्हणाली, "तुमच्या पोरीचं मी चालू ठिवलं हुतं बरं का. वरीसभर. मग ती चालत आसंल आसं धरलं आन सोडलं. लई राग यायचा ताई. तुमचा बी यायचा. पर कबूल केलं हुतं म्हनून म्हनत ऱ्हायले."

मी एक शेंग उचलून सोलू लागले. ती म्हणाली, "पोरीला आनलं न्हाई व्हय?"

तेवढ्यात सायली गाडीतून निसटून थेट अंगणात आली. बांधलेली शेळी बघून तिला राहवलं नव्हतं. संगीता तिच्याकडे बघतच राहिली. शेवटी तिला जवळ बोलावलं, सोललेले तुरीचे दाणे हातावर ठेवले. सायलीनं दाणे तोंडात टाकले, त्या लपलेल्या छोटीकडे बोट केलं आणि विचारलं, "तुम्हाला ही एकच मुलगी आहे?"

"सायली," मी म्हणाले, "इकडे ये."

"आसू द्या," संगीता म्हणाली. मग सायलीला, "न्हाई गं. हिच्या आदी एक पोरगा हुता. तुझ्या शेजारीच झोपायचा."

"काय नाव त्याचं?"

"हनुमंत," ती म्हणाली. दवाखान्यातल्या त्या सगळ्या दिवसांत मी त्याचं नाव विचारलं नव्हतं.

सायली विचारात पडली. "म्हणजे तो आता केवढा असता?"

संगीता उठली. सायलीचे दोन्ही खांदे धरून तिला दाराच्या चौकटीशी सरळ उभं केलं, केसांवरून हात फिरवून ते नीट बसवले. मग एक पाऊल मागे सरून तिनं तिला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

"तुझ्याहून जरा उंच. बाप उंच हाय ना त्याचा," ती म्हणाली, आणि माझ्या लेकीच्या डोक्याच्या चार बोटं वर, मोकळ्या हवेत, तिनं आपला तळहात आडवा धरला. "हितवर."